मीटरच्या काचेवरचे चरे

गाडीतल्या स्पीडोमीटरवरच्या पारदर्शक झाकणाला आमच्याकडे सगळेच ‘मीटरची काच’ म्हणतात. बाबा म्हणतात, गॅरेजवाला म्हणतो, मीही म्हणतो. ती काच नाही, प्लास्टिक आहे, हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. पण तोंडात ‘काच’ बसलं की हातही तिला काचेसारखंच वागवतो. पुढचा बराचसा घोळ त्यातूनच झाला.

गाडी म्हणजे बाबांची मारुती आठशे. 2004 सालची, नंबर जीए 04 चा, म्हणजे अस्सल गोव्यातल्या डिचोलीची. पंधरा वर्षं झाल्यावर 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये पासिंग करून घेतलं, कारण बाबा ती विकायला तयार नाहीत. इंजिन ठीक आहे, पत्रा दोन वेळा केला आहे, सीटांना नवी कव्हरं आहेत. फक्त स्पीडोमीटर धुक्यातून बघावं तसा दिसायचा.

त्याकडे लक्ष गेलं ते बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे. दोन्ही डोळे झाले, डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली, आणि म्हापशाहून घरी येताना बाबा गंभीर चेहरा करून म्हणाले, “अरे, ऑपरेशन फुकट गेलं बहुतेक. मीटरचे आकडे अजून पुसटच दिसतायत.” मी शेजारून वाकून पाहिलं. अस्नोड्याच्या पुढे रस्ता पूर्वेकडे वळतो, संध्याकाळचं ऊन मागच्या काचेतून थेट डॅशबोर्डवर येतं. त्या उन्हात मीटरवर उजेडाचा एक ठिपका होता आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी शेकडो चमकती वर्तुळं. आकडे त्या जाळ्यामागे कुठेतरी होते. मोतीबिंदू झाला होता तो गाडीला.

ही वर्तुळं खरं तर वर्तुळं नसतात. चरे सगळ्या दिशांना गेलेले असतात. उजेडाच्या ठिपक्याला आडवे पडणारे तेवढे चमकतात, म्हणून ठिपक्याभोवती कडी असल्यासारखी दिसतात. मान हलवली की जाळंही सरकतं. पण बाबांच्या मीटरवर नीट पाहिलं तर एक दिशा जास्त ठळक होती: डावीकडून उजवीकडे, मधे किंचित वर उचललेली कमान. बसल्या जागेवरून उजव्या हाताने फडकं फिरवलं तर मनगटाची जी फेरी होते, नेमकी तीच. वीस वर्षांचा हात तिथे उमटला होता.

बाबा मांडवीकाठच्या एका जेटीवर कारकून होते. खनिजाचे ट्रक यायचे, माल बार्जमध्ये पडायचा, आणि बाबांची पांढरी गाडी संध्याकाळपर्यंत गुलाबी व्हायची. 2012 मध्ये खाणी बंद पडेपर्यंत हा रोजचा क्रम होता. डिचोली-साखळीच्या लोकांना ही धूळ सांगायला नको; आमच्या लहानपणी दोरीवरचे कपडेसुद्धा वाळताना तांबूस व्हायचे. बाबा स्वच्छतेचे भोक्ते. गाडीत बसले की सीटखालून पिवळं फडकं काढायचे आणि डॅशबोर्ड, मीटर, रेडिओ असं एका दमात कोरडंच पुसायचे. ती धूळ म्हणजे हेमॅटाइट, लोखंडाचा ऑक्साइड, त्यात वाळूचे कण. दोन्ही प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण. थोडक्यात, आठ वर्षं बाबा रोज मीटरला पॉलिश पेपर मारत होते.

यातली गंमत मला नंतर कळली. सोनं-चांदी उजळायला जी लाल पावडर वापरतात, तीही लोखंडाचा ऑक्साइडच. अगदी बारीक असला की झळाळी देतो, भरड असला की चरे पाडतो.

बाबांवर सगळं ढकलून मी मोकळा होऊ शकत नाही. करोनाच्या काळात गाडी मीच वापरायचो आणि प्रत्येक फेरीनंतर स्टिअरिंग, गिअर, दारांच्या कड्या आणि जाता जाता मीटरवरही सॅनिटायझरचा फवारा मारायचो. त्याआधी समोरची काच पुसायचं निळं पाणीही मी मीटरला लावत असे. तीही काच, हीही काच. अशा निळ्या पाण्यांपैकी बऱ्याच जणांत अमोनिया असतो आणि सॅनिटायझरमध्ये सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोल. पारदर्शक प्लास्टिकला दोन्ही मानवत नाहीत.

चवथीला पंधरा-वीस दिवस होते. चित्रशाळेतून गणपती याच गाडीतून आणायचा, ही आमच्याकडची प्रथा. तोवर मीटर साफ करतो, असं मी घरात जाहीर करून बसलो. आई म्हणाली, “हात दाखवून अवलक्षण करू नकोस.” तिचं म्हणणं निम्मं तरी खरं ठरलं.

पहिल्या दिवशी काच न काढता जे होईल ते केलं. मीटरवर चऱ्यांशिवाय डागही भरपूर होते आणि प्रत्येकाचं गोत्र वेगळं. उजव्या कोपऱ्यात पिवळसर झाक होती, ती दसऱ्याच्या हळदीची. (ती साध्या पाण्याने गेली नाही, पण हळदीचा रंग उन्हात उडतो, गाडी चार दिवस अंगणात उन्हाला तोंड करून ठेवली तेव्हा फिकी पडत गेली. ऑगस्टात चार दिवस ऊन मिळायला मात्र दहा दिवस लागले.) खालच्या कडेला जुन्या स्टिकरचा डिंक होता. त्यावर खोबरेल तेलाचा बोळा पंधरा मिनिटं ठेवला, डिंक मऊ झाला, नखाने नाही तर बोटाच्या पेराने चोळून काढला. शेजारच्या भाईंनी थिनर आणून दिला होता, तो मी लावला नाही. थिनरने प्लास्टिक अक्षरशः विरघळतं, हे मी पूर्वी एका पट्टीवर करून पाहिलं आहे. डाव्या बाजूला चार-पाच बारीक खड्डे होते, कडेने तपकिरी. बाबा डॅशबोर्डवर उदबत्ती लावायचे, तिच्या ठिणग्या. ते डाग नव्हेत, भाजलेल्या जखमा. अजून तिथेच आहेत.

मग ओल्या बोटाने एक चाचणी केली. कुठल्याही पारदर्शक प्लास्टिकवर काहीही करण्याआधी ही करून पाहावी. चऱ्यांवर पाणी लावलं की ते दिसेनासे होतात. पाणी चऱ्यात भरतं, उजेड इकडेतिकडे फेकला न जाता सरळ आत जातो. पाणी लावून जे लपतं ते वरच्या पृष्ठभागावरचं आहे, म्हणजे पॉलिशने जाण्याची आशा आहे. जे लपत नाही ते आत आहे किंवा मागच्या बाजूला. माझ्या मीटरवर मधला सगळा भाग पाण्याखाली आरशासारखा झाला. आकडे इतके स्वच्छ दिसले की बाबांना हाक मारून दाखवले. “झालं की मग,” ते म्हणाले. मिनिटभरात पाणी सुकलं आणि जाळं परत आलं. व्हॅसलीनचा पातळ हात दिला तर हाच चमत्कार काही दिवस टिकतो. गाडी विकायला काढणारे लोक असं करतात म्हणे. पण त्यावर धूळ चिकटली की आधीपेक्षा वाईट.

वरच्या दोन कोपऱ्यांत मात्र पाण्याचा काही उपयोग झाला नाही. तिथे केसांएवढ्या बारीक, चांदीसारख्या रेषा होत्या, भेगाळलेल्या साईसारख्या. हे माझ्या सॅनिटायझरचं कर्तृत्व. साच्यातून काढताना प्लास्टिकमध्ये, विशेषतः कोपऱ्यांत आणि खाचांपाशी, ताण राहून जातो. अल्कोहोल लागलं की तिथे आतून तडे जातात. घासून ते निघत नाहीत.

दुसऱ्या दिवशी टूथपेस्ट. यावर हसणारे खूप आहेत, पण बऱ्याच पांढऱ्या टूथपेस्टमध्ये खडूसारखी बारीक भुकटी असते आणि ती हलकं पॉलिशच असते. ओल्या सुती कापडाच्या बोळ्याने, हलक्या हाताने, तीन-तीन मिनिटांच्या चार फेऱ्या मारल्या. अगदी बारीक जाळं निम्म्यावर आलं. नख अडकत होतं ते चरे तसेच राहिले. उरलं काय, तर मीटरवरच्या छज्जाच्या, म्हणजे हूडच्या, फटीत पांढरी पेस्ट गेली, ती सुकली आणि काडीने उकरत बसावं लागलं. काच जागेवर ठेवून पॉलिश करू नये, हे तिथे पटलं.

म्हणून मीटर बाहेर काढलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, हूडचे स्क्रू काढले, मीटर पुढे ओढलं. आठशेला स्पीडोमीटरची केबल असते. गिअरबॉक्सकडून येते आणि मीटरच्या पाठीत खटकन बसते. ती मागे हात घालून, दाबून सोडवावी लागते. जागा एवढी की दोन बोटं जातात आणि तिसरं सोलून निघतं. मीटर पडवीत आणलं, खाचा हळूच उचलून काच सुटी केली. आतल्या कोपऱ्यात उठावाची बारीक अक्षरं दिसली: पीएमएमए. म्हणजे ॲक्रिलिक. प्लास्टिकच्या भागांवर अशी खूण बऱ्याचदा असते. पीसी असेल तर पॉलिकार्बोनेट. ॲक्रिलिक दिसतं काचेसारखं, पॉलिशही छान घेतं, पण तापलं की चिकटतं. त्यामुळे ड्रिलला बफ (पॉलिशची फिरती गादी) लावायचा बेत मी रद्द केला.

काच आधी धुतली. विहिरीचं पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. ती पाच मिनिटं बुडवून ठेवली आणि मग नुसत्या बोटांच्या पेरांनी चोळली, कापड नाही. पाण्याला तांबूस झाक आली. 2012 ला इतकी वर्षं झाली, तरी खाचांत धूळ होतीच.

आता माझ्या चुकीचं प्रकरण. घरात एक हजार नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा पॉलिश पेपर, पडला होता. एक मोठा चरा होता, साठच्या आकड्याच्या वर, किल्लीने पडला असावा तसा. मी म्हटलं, एवढ्याच चऱ्यावर जरा मारून बघू. मारला, आणि अर्ध्या मिनिटात तिथे रुपयाएवढा दुधी गोल. तो घालवायला आणखी घासलं, गोल वाढला. घाबरून सगळीकडेच हात फिरवला. दहा मिनिटांनी माझ्या हातात मीटरची काच नव्हती, बाथरूमच्या खिडकीची होती. तेवढ्यात बाबा चहा घेऊन आले. त्यांनी काच उजेडाला धरली, खाली ठेवली, आणि काहीही न बोलता आत गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

तीच काच रुमालात गुंडाळून म्हापशाला आमच्या ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेलो. त्याने ती नखाने टकटक वाजवली आणि हसला. “पात्रांव, घाय कित्याक? सवकास.” (मालक, घाई कशाला? सावकाश.) मग कोकणी-मराठीच्या मिश्रणात त्याने मला जे सांगितलं, त्याचा अर्थ असा की दुधी झाली म्हणून काही बिघडलं नाही, उलट निम्मं काम झालं. चरा म्हणजे भरायची वस्तू नव्हे. तिथलं प्लास्टिक गेलेलं आहे, ते परत येत नाही. आजूबाजूचं त्याच्या पातळीपर्यंत उतरवायचं. कागदाचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक; हजारच्या कागदाचे चरे दीड हजारने घालवायचे, दीड हजारचे दोन हजारने, दोन हजारचे तीन हजारने, आणि शेवटी पॉलिश. माझी चूक हजारचा कागद वापरणं ही नव्हती, तिथेच थांबून रडत बसणं ही होती. शिवाय एवढ्या बारीक चऱ्यांना दीड हजारपासून सुरुवात केली असती तरी चाललं असतं, हेही त्याने ऐकवलं. हजारच्या कागदावरचा कण साधारण 18 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, दोन हजारवरचा 10. उजेडाच्या लहरीची लांबी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. त्यामुळे कागदाने कितीही घासलं तरी दुधीपणा पूर्ण जात नाही. तो पॉलिशच घालवतं.

त्याच्याकडून दीड हजार, दोन हजार आणि तीन हजारचे कागद घेतले आणि फिनिशिंग पॉलिश एका डबीत थोडं मागून आणलं. नेहमीचं रबिंग कंपाउंड तो देईना, ते पत्र्याच्या रंगासाठी, यासाठी भरड. (प्लास्टिकसाठीच केलेली पॉलिशंही मिळतात. नोव्हसच्या तीन नंबरी बाटल्या असतात, त्यात तीन नंबर सगळ्यात भरड आणि एक नंबर नुसती चमक द्यायला. कागदाच्या नेमकं उलट. मागवणारा एकदा तरी गोंधळतोच.)

या वेळी आधी सराव केला. कपाटात आरत्यांच्या जुन्या सीडी होत्या, ऐकायला आता यंत्रच नाही. सीडी म्हणजे 1.2 मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट, खालची बाजू उघडी. ॲक्रिलिक नव्हे, पण हाताला वळण लावायला उत्तम. दोन सीडी दुधी केल्या, दुसरी जवळजवळ पूर्ववत आणली. तेव्हा कुठे काचेला हात घातला.

बाहेर पाऊस कोसळत होता, पडवीत टेबलावर ओला टॉवेल, त्यावर काच. कागद आधी पाण्यात भिजवून ठेवला, साबणाचा थेंब टाकून. बोटांनी दाबला की बोटांच्या मधे दाब कमी-जास्त पडतो, म्हणून शाळेच्या खोडरबराला कागद गुंडाळला. दीड हजारने आडवं घासलं, फक्त आडवं. धुतलं, पुसलं, पाहिलं. मग दोन हजारने उभं. ही दिशा बदलायची युक्ती साधी आहे पण तिच्यावाचून काम होत नाही: उभं घासताना आडवी एखादी रेघ शिल्लक दिसली तर ती आधीच्या कागदाची, म्हणजे अजून थांबायचं नाही. मग तीन हजारने पुन्हा आडवं. कागद बदलताना काच, हात, खोडरबर, टॉवेल सगळं धुवायचं. भरड कागदाचा एक कण जरी बारीक कागदाखाली आला तरी नवी रेघ मारतो. माझ्या हातून एकदा हे झालं आणि दोन पायऱ्या मागे जावं लागलं.

किल्लीच्या चऱ्यावरच जोर द्यायचा मोह फार होतो. तिथेच घासलं तर खळगा पडतो आणि खळग्यातून आकडा पाण्यातल्या चंद्रासारखा डुलतो. मी बोटभर रुंद पट्टा सगळीकडे सारखा उतरवला आणि तरीही त्या चऱ्याचा तळ राहू दिला. आता तो ठाऊक असणाऱ्यालाच दिसतो.

तीन हजारनंतर काच तुपकट दिसायला लागली, धुरकट पण गुळगुळीत. पॉलिशचा वाटाण्याएवढा थेंब, धुतलेल्या जुन्या गंजीचा बोळा, लहान लहान गोल. पहिल्या दोन मिनिटांत काहीच होत नाही. तिसऱ्या मिनिटाला बोळ्यामागून टॉवेलचे धागे दिसायला लागले, एकेक, निळे आणि पांढरे. मी थांबून नुसता ते धागे बघत राहिलो. सगळी काच व्हायला दीड तास लागला आणि दुसऱ्या दिवशी खांदा भरून आला. कोपऱ्यांतले तडे, उदबत्तीचे खड्डे सोडले तर तिच्यातून पेपर वाचता येत होता. बाबांनी खरंच ‘तरुण भारत’वर ती ठेवून चवथीच्या बाजाराची बातमी वाचली.

बसवताना घाई झाली. प्लास्टिक चोळलं की त्यावर स्थिर वीज येते आणि हवेतली धूळ त्यावर धावते. त्यामुळे ओल्या मऊ कापडाने शेवटचा हात दिला, सुकू दिली, कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने आत फुंकर घातली आणि काच खाचांत बसवली. मीटर आत ढकललं, केबल बसल्याचा खटका ऐकला असं वाटलं. संध्याकाळी बाबांना घेऊन मये तळ्यापर्यंत चक्कर मारली. आकडे लख्ख. काटा शून्यावर. गाडी चाळीसने तरी पळत असावी आणि काटा हूं की चूं करेना. “स्वच्छ दिसतोय,” बाबा म्हणाले, “शून्य अगदी स्वच्छ दिसतोय.”

पुन्हा सगळं उघडलं. केबल अर्धवट बसली होती. ती नीट बसवताना मीटर हातातून निसटू लागलं. खाच सैल होऊन काच बाजूला झाली आणि ते धरायला गेलो तर अंगठा सरळ आतल्या काळ्या तबकडीवर टेकला. तबकडीवर मॅट रंग असतो, त्यावर घामट बोट लागलं की ठसा उमटतो, आणि तो पुसायला जाल तर तिथे चकाकी येते किंवा छापलेले आकडेच निघतात. मी पुसला नाही. तेवढी अक्कल एव्हाना आली होती.

गणपती त्याच गाडीतून आला. मागच्या सीटवर मूर्ती मांडीवर घेऊन मी, पुढे बाबा, सगळ्या वाटेत काटा तिसाच्या आसपास. सीटखालचं पिवळं फडकं मी आधीच गुपचूप काढून टाकलं होतं. त्याजागी मऊ ब्रश आणि डबीत मायक्रोफायबरचं कापड ठेवलं, कडेचं लेबल कापून, कारण ते लेबलही चरे पाडतं. घरी पोचल्यावर बाबांनी हात सीटखाली घातला, चाचपडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग सदऱ्याचं टोक धरून मीटर पुसलं. कोरडंच.

माझ्या अंगठ्याचा ठसा ऐंशी आणि शंभरच्या मधे आहे. संध्याकाळच्या उन्हात रेषा न् रेषा दिसते. बाबा साठच्या वर जात नाहीत, त्यामुळे काट्याखाली तो कधी झाकला जात नाही.